विटांच्या चुऱ्यातली सी हॉली

कौन्सिलची बाई घर रिकामं करा म्हणून सांगायला आली, तेव्हा ॲव्हिस गॅरडनं तिला आधी दारात बूट काढायला लावले. घर पडायचं तेव्हा पडेल, आज ते उभं होतं, आणि उभ्या घरात चिखलाचे बूट चालत नाहीत, असा तिचा सरळ न्याय होता. बाई बिचारी नुसत्या मोज्यांवर स्वयंपाकघरात बसली आणि समुद्राबद्दल बोलू लागली. ईस्टविकच्या कड्यावर राहणाऱ्याला समुद्राबद्दल सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी नव्हे, भरल्या घड्यावर पाणी. समुद्रानं आधी रस्ता खाल्ला, मग शेजारच्या प्राइकांची कोंबड्यांची खुराडी, आणि या शरदात ॲव्हिसच्या बागेचं मागचं कुंपण खाली वाळूवर जाऊन पडलं होतं.

"नाताळाच्या आत निघावं लागेल," बाई म्हणाली. "हॉल्मफील्डला तुमच्यासाठी बैठं घर ठेवलंय. समुद्रापासून चांगलं लांब."

"बाग आहे?"

"आहे ना! आधीचे गृहस्थ गुलाब लावायचे. माती इतकी कसदार, की काठी रोवली तरी पालवी फुटेल."

"म्हणजे मेलंच की सगळं," ॲव्हिस म्हणाली आणि तिनं किटलीखालचा गॅस बंद केला.

बाईला वाटलं, म्हातारीला घर सोडायचा धक्का बसलाय. धक्का बसला होताच. पण ॲव्हिस बोलत होती ती तिच्या सी हॉलीबद्दल, समुद्रकाठच्या गोट्यांत वाढणाऱ्या एका काटेरी झाडाबद्दल.

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिला बागेचं वेड होतं. माहेर आतल्या बाजूचं, काळ्या मातीचं, तिथं काहीही लावा, येतंच. इथं तिनं गुलाब लावले, वाटाणा लावला, हायड्रेंजिया लावला. समुद्रावरचा खारा वारा सकाळी सुरू झाला की जेवणाच्या वेळेपर्यंत पानं करपून जायची. सासू खिडकीतून बघायची आणि दरवेळी तेच विचारायची, "आणखी एक गेलं का गं?" त्या विचारण्यात दुःख थोडं आणि चव जास्त असायची. मग एका उन्हाळ्यात चर्चच्या विक्रीत एक काटेरी रोप उरलं होतं, कुणीच घेत नव्हतं. ॲव्हिसनं ते प्रेमानं घेतलं असं नाही, रागानं घेतलं. दक्षिणेच्या भिंतीखाली, जिथं नुसते गोटे आणि वाळू, तिथं खुपसलं आणि विसरून गेली.

सी हॉलीला तेच हवं होतं. ना खत, ना पाणी, डोक्यावर ऊन आणि पायाखाली दगड. दुसऱ्या उन्हाळ्यात ती कमरेएवढी झाली आणि निळी पडली. फुलं निळी, फुलांभोवतीची काट्यांची झालर निळी, देठसुद्धा निळे. सासूनं एकदा बोट लावून पाहिलं, पुन्हा लावलं नाही. पुढे सासू गेली, नवरा रॉयस्टन गेला, ज्या शाळेच्या स्वयंपाकघरात ॲव्हिसनं आयुष्यभर पोरांच्या ताटात बटाटे वाढले ती शाळाही बंद झाली. सी हॉली दर जूनमध्ये निळी व्हायची. ॲव्हिसचा जीव होता तिच्यात, यात लपवण्यासारखं काही नाही. त्या घरात तिनं लावलेलं आणि टिकलेलं ते पहिलं झाड होतं. घर जायचं तर जाऊ दे, पण सी हॉली न्यायचीच, असं तिनं त्याच दिवशी ठरवलं.

अडचण एकच. सी हॉली हलवता येत नाही. तिचं मूळ गाजरासारखं सरळ खाली जातं, आणि इतकं खोल, की शेवट कुणाला सापडत नाही. उपटलं की तुटतं, तुटलं की वरचं झाड मरतं.

"नर्सरीत ढिगानं मिळते," इप्सविचहून तिची धाकटी बहीण नोरीन फोनवर म्हणाली. "एक नवी आण आणि लाव. कुणाला कळणारे?"

"मला कळेल."

"तू ना, लहानपणी त्या लंगड्या बदकाच्या मागे अशीच लागली होतीस."

"आणि ते बदक जगलं होतं, नोरीन."

"जगलं, आणि सगळ्यांना चावलं," नोरीन म्हणाली.

तरी ॲव्हिसनं एकदा खणून पाहिलंच. नोव्हेंबरात, झाड वरून सुकलेलं असताना, दुखऱ्या कमरेवर हात ठेवून तिनं भिंतीखाली खड्डा केला. हात कोपरापर्यंत गेला, मग खांद्यापर्यंत, आणि मग खाली कुठंतरी मूळ कट्कन तुटलं. शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांसमोर कधी न उच्चारलेला एक शब्द तिच्या तोंडून गेला. नंतर ती तिथंच बसून राहिली. तुटलेलं मूळ मांडीवर होतं, आणि तिला आठवलं, की बाजूची मुळं अजून जिवंत आहेत आणि मुळाचा तुकडाही झाड होऊ शकतो.

हे काम तिला ठाऊक होतं. पेन्सिलीएवढी जाड मुळं निवडायची, बोटभर लांबीचे तुकडे करायचे. वरच्या टोकाला सरळ काप द्यायचा, खालच्या टोकाला तिरका, कारण एकदा कापल्यावर वर कुठलं आणि खाली कुठलं हे देवालाही सांगता येत नाही, आणि उलटा लावलेला तुकडा रुसून बसतो. निम्मी वाळू घातलेल्या कुंड्यांत तिनं ते उभे पुरले. ट्रक आला तेव्हा पलंग, कपाटं, रॉयस्टनची खुर्ची, सगळं मागं गेलं. कुंड्या तिच्या मांडीवर पुढे बसल्या.

हॉल्मफील्डचं घर खरंच छान होतं, आणि ॲव्हिसला त्याचाच राग आला. मागं गुलाबाचा वाफा होता, काळाभोर, मऊ, हात घातला तर मनगटापर्यंत जाणारा. शेजारी डेस्मंड थर्केटल राहायचा. जन्मभर बस चालवलेली, आता गुलाब, आणि गावच्या पुष्पप्रदर्शनाचा चषक त्याच्याच घरी वास्तव्याला. पहिल्याच दिवशी तो जॅमचा केक घेऊन आला.

"भाग्यवान आहात, मिसेस गॅरड," तो कुंपणावरून वाफ्याकडे बघत म्हणाला. "चाळीस वर्षं लीद खाल्लीय त्या मातीनं. सोनं आहे सोनं."

"तुम्हाला हवंय?"

"काय?"

"ते सोनं. मी सगळं काढून टाकणार आहे."

डेस्मंडनं केकचं ताट परत घ्यावं की काय, अशा चेहऱ्यानं तिच्याकडे पाहिलं.

माती काढायची हे नक्की, पण तिच्या जागी भरायचं काय? डेस्मंडला बस चालवायची सवय, प्रवाशाला पोचवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे, तेव्हा उपाय त्यानंच सुचवला. "किनाऱ्यावर गोटे काय कमी आहेत? चार पोती आणू. समुद्राला कळणारे का?"

"बंदी आहे," ॲव्हिस म्हणाली. "आणि कडा त्या गोट्यांच्या जिवावर उभा आहे. जो काही उरलाय तो."

जानेवारीत तिचं घर पाडायला घेतलं. नोरीन म्हणाली, जाऊ नकोस, कशाला बघायचं? ॲव्हिस बसनं गेली, कुंपणाच्या जाळीबाहेर घडीची खुर्ची टाकून बसली आणि थर्मासमधला चहा पीत पूर्ण बघितलं. पिवळं यंत्र आधी छपराला लागलं, मग जिन्याला. स्वयंपाकघराची भिंत पडली तेव्हा ती उठली आणि जाळीपाशी जाऊन मुकादमाला हाक मारली. क्लाइव्ह नाव त्याचं, तरणा, कानात बाळी.

"या विटांचं काय करता?"

"क्रशरवर जातात, बाई. चुरा होतो. रस्त्याखाली घालतात."

"माझ्या विटा माझ्या बागेत घालायच्यात. एक ट्रक चुरा हॉल्मफील्डला टाका."

"तसं नाही हो करता येत. सगळं ठेक्यात मोजलेलं असतं."

"तुला दुपारच्या जेवणाला शाळेत कोण वाढायचं?"

क्लाइव्हनं हेल्मेट मागं सारून नीट पाहिलं. "मिसेस गॅरड? अरे देवा. मला वाटाण्याशिवाय उठू द्यायच्या नाहीत तुम्ही."

"अजूनही देणार नाही," ॲव्हिस म्हणाली. क्लाइव्हनं साहेबाला फोन लावला, बराच वेळ लाल चेहऱ्यानं बोलला, आणि शेवटी साहेबानं परवानगी दिली.

ट्रक येऊन हॉल्मफील्डच्या घरापुढं ढीग ओतून गेला. तांबडा, करडा, मधेमधे गारगोट्यांचे तुकडे आणि चुन्याची पांढरी ढेकळं. त्या गल्लीत लोक कचऱ्याचा डबासुद्धा दिसू नये म्हणून झुडपं लावतात. पडदे हलले. कुणी काही बोललं नाही, फक्त येताजाता प्रत्येकजण "वा, काम चाललंय वाटतं!" एवढंच म्हणून जाई, आणि त्या गावात याचा अर्थ होतो, की हे कधी उचलणार?

ती रोज थोडं खणायची. कमर ठणकायची, डॉक्टरनं खुब्याच्या ऑपरेशनसाठी नाव घातलेलं होतं. काळी माती न्यायला मात्र अख्खी गल्ली ढकलगाड्या घेऊन लोटली. नाकं मुरडणारेच पुढं होते, आणि सर्वांत पुढं डेस्मंड.

"हा शुद्ध वेडेपणा आहे," गाडी भरताना तो म्हणाला.

"मग नेऊ नका."

"वाया जाऊ द्यायची का?" असं म्हणून त्यानं आणखी दोन फावडी चढवली.

मेपर्यंत वाफ्यात काळं काही उरलं नाही. हातभर खोल नुसता विटांचा चुरा, वाळू आणि कोपऱ्यातल्या हलक्या मातीचा थोडा हात. कुंड्यांत मुळांच्या तुकड्यांना हिरवे कान फुटले होते. मूळ तळाला टेकायच्या आत लावायचे म्हणून तिनं लगेच लावले, एकदा पाणी दिलं आणि झारी शेडमध्ये उलटी टांगली. आता मुळांनी पाण्यासाठी खाली जायचं होतं. वरून मिळालं असतं तर ती खाली कशाला गेली असती?

जूनमध्ये इस्पितळातून बोलावणं आलं. निघताना डेस्मंड कुंपणाशी उभा होता.

"बागेची काळजी करू नका. मी आहे."

"काही करायला नको, डेस्मंड. खरंच नको. उगाच त्रास घेऊ नका."

आता घात झाला तो इथं. हॉल्मफील्डमध्ये 'त्रास घेऊ नका' याचा अर्थ 'कराल तर उपकार होतील' असा घेतात. चहा विचारला तर पहिल्यांदा नको म्हणायचं असतं, गाडीतून सोडू का म्हटलं तर 'छे छे, चालत जाईन' म्हणायचं असतं, आणि समोरच्यानं ते नको कानाआड करायचं असतं. जो ऐकतो तो अडाणी. ॲव्हिस स्वतः याच रीतीत वाढलेली, जन्मभर तिनं असेच नकोचे होकार दिले आणि घेतले. त्यामुळे आपण खरं नको म्हणतोय आणि ते ऐकणाऱ्याला ऐकूच येणार नाही, हे तिच्या ध्यानात आलं नाही. डेस्मंडनं मान डोलावली. सभ्य माणूस होता तो.

ती परत आली तेव्हा उन्हाळा ऐन भरात होता. काठी टेकत ती थेट मागच्या दारी गेली आणि तिथंच थांबली. वाफा काळा होता. विटांच्या चुऱ्यावर बोटभर जाड लिदीचं खत पसरलेलं, ओलं, वाफाळणारं. सी हॉलीची पानं कोबीसारखी माजलेली, लोळणारी. एक पान तिनं उचललं तर बुडासकट हातात आलं. खालचा कोंब कुजून तपकिरी झाला होता. अति तेथे माती म्हणतात, इथं ती अक्षरशः घातली होती.

कुंपणापलीकडून डेस्मंडचा आनंदी आवाज आला. "आलात! कशी दिसतायत? रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं हो. आणि माझं खास खत घातलं, प्रदर्शनाच्या गुलाबांसाठी राखून ठेवलेलं."

रीतीप्रमाणे तिनं म्हणायचं होतं, किती उपकार केलेत. मग आत जाऊन दार लावायचं, आणि पुढची दहा वर्षं नोरीनला फोनवर सांगत राहायचं. सगळे असंच करतात. ॲव्हिसच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती, आणि तरीही ते उपकाराचं वाक्य तिच्या ओठांवर आलं, इतकी ती सवय हाडीमाशी खिळलेली. पण आता गप्प बसलं तर उद्या सकाळी तो पुन्हा झारी घेऊन येणार, हेही तिला दिसत होतं.

"डेस्मंड," ती म्हणाली, "तुम्ही माझी झाडं बुडवून मारलीत."

तो हसला. मग त्याचं हसू गेलं. "काय?"

"मी नको म्हटलं होतं. नको म्हणजे नकोच होतं. यांना पाणी म्हणजे विष. हे माझ्या घराचं एवढंच उरलंय आणि तुम्ही ते कुजवलंत."

त्या गल्लीत कुणी कुणाला असं तोंडावर बोललेलं कुणाच्या आठवणीत नव्हतं. डेस्मंडचा चेहरा कानापर्यंत तांबडा झाला. "मला वाटलं," तो म्हणाला, "तुमचं घर गेलेलं, त्यात इस्पितळ… निदान बाग तरी हिरवी दिसावी आल्यावर." आणि तो आत निघून गेला.

ॲव्हिसला वाईट वाटलं, पण शब्द परत घ्यावेसे वाटले नाहीत. तिनं स्वयंपाकघरातली खुर्ची बाहेर ओढली. वाकायला डॉक्टरची मनाई होती, म्हणून खुर्चीवर बसून लांब दांड्याच्या खुरप्यानं खत ओढायला लागली. दांडा कोंबांना लागायचा, खत सरकायचं कमी आणि पसरायचं जास्त. ती थांबली नाही.

थोड्या वेळानं फाटक वाजलं. डेस्मंड गुडघ्याखाली घ्यायची उशी आणि हातखुरपी घेऊन आला होता. तिच्याकडे न बघता त्यानं उशी वाफ्याच्या कडेला टाकली, कण्हत गुडघे टेकले.

"सांगा. कुठून काढू?"

"देठाजवळून आधी. हातानं. चमच्यानं साय काढतात तसं."

"हे?"

"ते मेलंय. उपटा."

"आणि हे?"

"तेही."

तो उपटत गेला. प्रत्येकाला विचारायचा आणि प्रत्येकाला ती मेलंय म्हणायची, आणि प्रत्येक वेळी त्याची मान आणखी खाली जायची. दुपार उलटेपर्यंत खत सगळं निघालं, चुरा पुन्हा उघडा पडला. भिंतीच्या कडेला, जिथं झारी नीट पोचली नव्हती, तिथं दोन कोंब टणक होते. बाकी वाफा रिकामा.

"आता?" त्यानं विचारलं.

"आता काहीच नाही. आता हात लावायचा नाही."

"पाऊस आला नाही तर?"

"तर बरंच."

त्याला हे फार जड गेलं असावं. जुलैअखेर उन्हानं जमीन तडकली, पाइपनं पाणी घालायला बंदी आली, तेव्हा तो भांडी धुतलेलं पाणी गुलाबांना घालताना वाफ्याकडे बघायचा आणि झारी पाठीमागं धरायचा. एकदा पलीकडची मिसेस पोलार्ड कुंपणावरून बादली ओतायला वाकली, तर तो घरातून ओरडत धावला, "नको! नको म्हणजे नको त्यांना!" मिसेस पोलार्ड दोन आठवडे त्याच्याशी बोलली नाही.

हिवाळ्यात दोन्ही झाडं जमिनीत गडप झाली. मार्चमध्ये काही दिसलं नाही. नोरीन म्हणाली, "आता तरी नर्सरीत जा." ॲव्हिस म्हणाली, "खाली चाललीयत. खाली गेल्याशिवाय वर येत नाहीत." पण ती रोज सकाळी चहा घेऊन वाफ्याशी उभी राहायची, आणि तिला भीती वाटायची. ही भीती तिनं नोरीनला सांगितली नाही. एप्रिलअखेर एक कोंब वर आला. दुसरा आला नाही.

त्या एकानं मात्र कसर भरून काढली. जूनमध्ये देठ कडक, ताठ उभे राहिले. आधी रुपेरी हिरवे, मग एका आठवड्यात वरून खाली रंग उतरत गेला. ॲव्हिसनं एके दिवशी दुपारी पडदा सारला तर मागं निळं होतं. मधमाश्या इतक्या, की झाड गुणगुणत होतं.

तिनं डेस्मंडला हाक मारली. तो हात पुसत आला आणि फाटकातच उभा राहिला.

"गुलाबासारखं नाही म्हणता येणार," तो म्हणाला.

"नाही."

"पण आहे काहीतरी. आहे खरं."

काठीवर दोन्ही हात ठेवून ॲव्हिस उभी होती. यंत्रानं छप्पर ओढलं तेव्हा ती रडली नव्हती. जाळीबाहेर बसून चहा प्यायली होती. आत्ता मात्र डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिनं ते पुसलं नाही.

"माझं घर गेलं, डेस्मंड," ती म्हणाली.

अशा वाक्यावर हॉल्मफील्डमध्ये हवेबद्दल बोलतात, नाहीतर चहा टाकायला पळतात. डेस्मंड जागचा हलला नाही.

"हो," तो म्हणाला. "गेलं."

मग तिनं भिंतीशी ठेवलेल्या खुर्चीवरचं मिसेस पोलार्डचं मांजर हुसकावलं आणि त्याला बसायला सांगितलं.